काढा आणि ऑक्सिजन

ॲम्ब्युलन्सची माणसं नवऱ्याला स्ट्रेचरवर घेत होती तेव्हा तो माझ्याशी चिनी बोलत होता आणि त्याच्या आईशी इंग्रजी. तापात त्याच्या भाषांची अदलाबदल झाली होती. त्याच्या आईला इंग्रजीचा गंध नाही, आणि माझं चिनी जेवणाच्या टेबलापुरतं. आम्ही दोघी मास्क लावून दाराशी उभ्या राहिलो. तो काय म्हणतोय ते दोघींनाही कळलं नाही, आणि तेवढ्यात गाडीचं दार बंद झालं.

घरातला एकमेव दुभाषा गेला, हे माझ्या डोक्यात लगेच आलं नाही. जिना चढून वर आलो, सासूबाईंनी मला काहीतरी विचारलं, मी मराठीत "माहीत नाही हो" म्हणाले, आणि मग आलं.

मी नेदरलँड्समधल्या नायमेखनला पीएचडीसाठी आले आणि इथेच राहिले. नवरा चिनी, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. आमचं आपसातलं सगळं इंग्रजीत चालतं, भांडणं धरून. सासरे गेल्यावर सासूबाईंना थोडा बदल म्हणून आम्ही बोलावून घेतलं होतं. त्या आल्या आणि साथ आली. विमानं बंद झाली, व्हिसा वाढवून घेतला, परत वाढवून घेतला, आणि बघता बघता दुसरं वर्ष उजाडलं. नवऱ्यासारखंच मीही त्यांना 'मा' म्हणते. आमचं बरं चाललं होतं, कारण मधे तो होता. त्या मला काय म्हणायच्या आणि तो मला काय सांगायचा, यात बराच फरक असणार. आमचं बरं चालण्याचं तेच कारण असावं.

आधीचा सगळा आठवडा मी फोनवर घालवला होता. इथे आजारी पडलं की आधी हाउसआर्ट्सला, म्हणजे आपल्या भागाच्या ठरलेल्या डॉक्टरला फोन करायचा. हॉस्पिटलचं दार तोच उघडतो. त्या दिवसांत ते फोनवरच तपासायचे.

"पूर्ण वाक्य बोलता येतंय का त्याला?" पलीकडून विचारायचे.

"येतंय, पण मधे थांबतोय."

"मग पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती. जास्त झालं तर फोन करा."

दुसऱ्या दिवशी जास्त झालं म्हणून फोन केला, तर परत तेच, वाक्य पूर्ण होतं का. मी नवऱ्यापुढे फोन धरला. त्या शहाण्याने सगळा दम एकवटून एक लांबलचक, व्याकरणशुद्ध वाक्य बोलून दाखवलं आणि मग पालथा पडून खोकत राहिला. बोटाला लावायचं यंत्र मागवलं, त्यावरचा आकडा घसरायला लागला, मी फोनवर चक्क ओरडले, तेव्हा कुठे गाडी आली.

हॉस्पिटलात त्याला ऑक्सिजनवर ठेवलं. कोविड होताच, पण त्यावर फुफ्फुसात जिवाणूंचाही संसर्ग झाला होता. अँटिबायोटिक, स्टेरॉईड, रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन असं सगळं सुरू झालं. भेटायला एकाच माणसाला परवानगी, तेही आधी नाव देऊन, रोज तेच माणूस, प्लास्टिकचा झगा घालून. डचमध्ये बोलू शकणारी मी, म्हणून मी. मांना हे सांगायला मला फोनमधल्या भाषांतराच्या ॲपची मदत घ्यावी लागली. मी इंग्रजीत बोलायचं, त्याने चिनीत म्हणायचं, त्या उत्तर द्यायच्या आणि मग ते मला इंग्रजीत ऐकू यायचं. मांनी ऐकून घेतलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

काढ्याचा विषय नवा नव्हता. ताप आल्यापासून त्या मुलाच्या मागे लागल्या होत्या आणि तो हसून टाळत होता. त्यांच्याकडे खोलीतल्या खणात भरलेली पुडकी होती. संपली की हेगच्या एका चिनी औषधाच्या दुकानातून टपालाने आणखी यायची. साली, मुळ्या, वाळकी फुलं, कसल्यातरी बिया. ते सगळं मंद आचेवर उकळायला लागलं की अख्ख्या घराला ओल्या लाकडाचा आणि संत्र्याच्या जुन्या सालीचा वास यायचा. त्यांच्या गावच्या हॉस्पिटलातली एक डॉक्टरीण त्यांना व्हिडिओवर काय घालायचं ते सांगायची.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा मा दारात थर्मास घेऊन उभ्या. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि माझी बोटं त्याच्याभोवती मिटवली.

मी तो वॉर्डात नेला आणि सरळ डॉक्टरणीला दाखवला. फुफ्फुसांची तज्ज्ञ, माझ्याच वयाची, चष्म्याखाली मास्कचे वळ उमटलेली.

"काय आहे यात?" तिने विचारलं.

"चिनी औषध. सासूबाईंनी दिलंय. चालेल का, ते विचारायचं होतं."

"पण आहे काय नक्की?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही," ती म्हणाली. "त्याला रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू आहे. मी हे त्याच्या पोटात कसं जाऊ देऊ?"

"कोणी बघून सांगू शकेल? मी पुडकी आणते."

तिने वॉर्डाकडे पाहिलं. "आत्ता नाही हो. खरंच नाही."

तिचं काही चुकलं नव्हतं. तरी मला राग आला, आणि चुकलं नव्हतं म्हणून जास्त आला. नवरा नळ्या लावून पालथा झोपला होता. त्याने मान वळवून थर्मास पाहिला आणि कसंबसं हसला. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना मला काय सांगत होतास, असं मी विचारलं. त्याला काहीच आठवत नव्हतं.

भरलेला थर्मास घेऊन मी घरी आले. मांनी झाकण उघडून आत पाहिलं. मग आमचं जे बोलणं झालं ते जेवणाच्या टेबलावर, दोघींच्या मधे फोन उताणा ठेवून.

"डॉक्टर नको म्हणाल्या," मी म्हणाले.

मा भरभर बोलल्या. फोन म्हणाला, "थंड आणि ओलं फुफ्फुसात शिरलं आहे. राजा आहे, मंत्री आहे, निरोप्या आहे. तू डॉक्टरला का विचारलंस?"

राजा-मंत्री म्हणजे काढ्यातली मुख्य आणि दुय्यम औषधं, हे मला पुढे समजलं. त्या वेळी वाटलं फोन बिघडला.

"विचारावं लागतं," मी म्हणाले. "दुसरी औषधं चालू आहेत."

"आमच्या हॉस्पिटलात दोन्ही देतात. एकाच वॉर्डात. सलाईन पण, काढा पण. एकच डॉक्टर दोन्ही लिहितो."

"तसा डॉक्टर इथे नाही, मा."

फोनने त्याचं काय केलं देव जाणे. मा ताडकन उठल्या, चेहरा पांढरा पडलेला, आणि कोट चढवायला लागल्या. त्यांना ऐकू गेलं होतं की तिथे डॉक्टरच नाही. मुलगा डॉक्टरशिवाय पडलाय. मी त्यांना धरून बसवलं, हॉस्पिटलात काढलेला फोटो दाखवला, कोपऱ्यात दिसणारी नर्स दाखवली. त्या रडायला लागल्या. मग मीही. एवढं मात्र दोघींना भाषांतराशिवाय जमलं.

त्या दिवसांत संध्याकाळी नाशिकहून बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा. बाबा डॉक्टर, चाळीस वर्षं दवाखाना चालवून निवृत्त झालेले. चिनी काढ्याचं कानावर गेल्यापासून ते भडकलेले होते.

"पालापाचोळा उकळून पाजणार का त्याला? तू शिकलेली आहेस ना? फेकून दे ते."

"बाबा, मी दिलेला नाही. पण त्यांच्याकडे हॉस्पिटलात देतात म्हणे."

"काहीही देतील! पुरावा काय?"

तेवढ्यात मागून आईचा हात आला आणि बाबांच्या हातात वाफाळता पेला देऊन गेला.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"हे? काढा. तुळस, सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध. रोज घेतो आम्ही दोघं."

"पुरावा काय?"

"उगाच वाद घालू नकोस. हे आपलं आहे, माहितीतलं आहे."

"त्यांचंही त्यांच्या माहितीतलंच आहे, बाबा."

"आईशी बोल," म्हणून त्यांनी फोन तिच्याकडे दिला.

नवरा अतिदक्षता विभागात जाता जाता राहिला. एक रात्र अशी होती की त्याला झोपवून श्वासयंत्र लावायचं ठरतच आलं होतं. मग हळूहळू ऑक्सिजन उतरवता आला. खाटा कमी होत्या, म्हणून बऱ्यापैकी स्थिर झाल्यावर त्याला घरीच ऑक्सिजनचं यंत्र देऊन सोडलं. फुफ्फुसांची सूज अजून होती, त्यासाठी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉईडच्या गोळ्या, कमी करत करत बरेच आठवडे घ्यायच्या होत्या. पलंगापासून संडासापर्यंत पारदर्शक नळी पसरलेली असायची आणि आम्ही दोघी तिच्यावरून पाय उचलून चालायचो.

दुभाषा घरी आला होता, पण दोन शब्द बोलला की खोकायचा. आणि आल्या आल्या त्याने आईला सांगितलेले पहिले दोन शब्द म्हणजे, काढा दे.

"तूसुद्धा?" मी म्हणाले. "आजवर कधी घेतला नाहीस."

"खोकला झोपू देत नाही. तुझ्या डॉक्टरांनी खोकल्यावर काय दिलंय? पाणी प्या."

"माझे डॉक्टर?"

"बरं, आपले. तिला काहीतरी करू दे ना. बसून बसून वेडी होईल ती."

"म्हणजे तिला काम मिळावं म्हणून तू औषध घेणार?"

"हो," तो म्हणाला. "आणि घोट घेतला की घशाला बरं वाटतं, म्हणूनही."

मी हॉस्पिटलात फोन केला. ज्या नर्सने उचलला ती म्हणाली, नका घेऊ, पण डॉक्टरांना तपासणीच्या वेळी विचारा. कोपऱ्यावरच्या आपोटेकमध्ये, औषधांच्या दुकानात, गेले. तिथल्या मुलीने संगणकात पाहिलं आणि म्हणाली, आमच्या यादीत हे येत नाही. मग मी मांना म्हटलं, तुमच्या डॉक्टरणीला विचारा. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, पाश्चात्त्य औषधांबरोबर आम्ही नेहमीच देतो, काळजी नको. कुठली औषधं, असं तिने विचारलं होतं, पण मांना गोळ्यांची नावं वाचता येईनात. त्यांनी "सूज उतरायची गोळी" एवढंच सांगितलं. नवरा तेव्हा झोपला होता.

मला पुडकी फोडून बघायची होती, पण बघून काय कळणार? पिवळट चकत्या होत्या, त्यांतली एक चावून पाहिली तर गोड लागली. ज्येष्ठमधच. घसा बसला की आई हेच तोंडात धरायला द्यायची. निदान एक तरी ओळखीचं निघालं म्हणून मला हायसं वाटलं.

नवरा काढा घ्यायला लागला आणि त्याचा खोकला उतरला. तो झोपायला लागला. मांचा चेहरा उजळला. त्या मला काही म्हणाल्या नाहीत, पण भांडं घासताना गुणगुणायच्या, आणि ते गुणगुणणं माझ्यासाठीच होतं अशी माझी खात्री होती. स्टेरॉईडनेही खोकला उतरतो, मी नवऱ्याला म्हणाले. दिवस गेले की आपोआपही उतरतो. "असेल," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. त्याचं ते 'असेल' मला फार लागायचं. मी सगळीकडे फोन करत सुटलेली, आणि ज्याचं फुफ्फुस त्याला काही पडलेलंच नाही!

मग त्याचे पाय जायला लागले. खाली बसलं की उठता येईना. पोटऱ्यांना वांब यायचे, घोटे सुजले. आम्हा सगळ्यांनाच वाटलं, इतका मोठा आजार, होणारच. बाबा म्हणाले अशक्तपणा, मा म्हणाल्या रक्त कमी झालंय, फिजिओथेरपिस्ट म्हणाली सावकाश घ्या. ठरलेल्या तपासणीसाठी रक्त दिलं आणि त्याच दुपारी त्या डॉक्टरणीचा स्वतःचा फोन आला. पोटॅशियम फार खाली गेलंय, लगेच या, हृदयाचे ठोके बघायला हवेत.

या वेळी मी त्याच्या शेजारी बसू शकले. रक्तदाबही वाढलेला निघाला. डॉक्टरीण कागद पुन्हा पुन्हा वाचत होती.

"नुसत्या प्रेडनिसोलोनने इतकं होणार नाही," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तुम्ही ड्रॉप खूप खाता का?"

ड्रॉप म्हणजे इथल्या लोकांना जीव की प्राण असलेली चघळायची काळी गोळी. ऑफिसात, गाडीत, प्रत्येक आजीच्या पर्समध्ये.

"मला त्याचा वाससुद्धा सहन होत नाही," नवरा म्हणाला.

"ड्रॉपने पोटॅशियम उतरतं?" मी विचारलं.

"खूप खाल्लं तर उतरतं. त्यात झूटहाउट असतं. एक गोड मूळ."

गोड मूळ. मला पिवळ्या चकतीची चव आठवली.

"ते त्याच्या काढ्यात आहे," मी म्हणाले. "रोज दोन वेळा घेतोय."

तिने पेन खाली ठेवलं. "कुठला काढा?"

"कुठला म्हणजे? ज्याबद्दल मी पहिल्या आठवड्यापासून विचारतेय तो! थर्मास घेऊन तुमच्यासमोर उभी होते मी."

"मी नको म्हटलं होतं."

"वॉर्डात म्हटलं होतं. घरी सोडताना कोणी विचारलं? मी फोन केला, तपासणीच्या वेळी विचारा म्हणाले. आपोटेकमध्ये गेले, यादीत नाही म्हणाले. आमच्या घरी दोन देशांतल्या डॉक्टरांचं ऐकतात, आणि त्या दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. मी काय करायला हवं होतं, ते मला सांगा!"

मी डचमध्ये ओरडत होते आणि माझं व्याकरण धडाधड कोसळत होतं. नवऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला, तो मी झटकला.

"सगळं घेऊन या," डॉक्टरीण म्हणाली. "पुडकी, नावं, जे असेल ते. आणि सासूबाईंनाही आणा. मी परवानगी देते."

त्याला पोटॅशियम देण्यासाठी ठेवून घेतलं होतं, त्याच मुक्कामात ती बैठक झाली. एका छोट्या खोलीत हॉस्पिटलचा औषधतज्ज्ञ, डॉक्टरीण, मा मांडीवर पिशवी घेऊन, व्हीलचेअरवर दुभाषा आणि फोनच्या पडद्यावर मांच्या गावची डॉक्टरीण. नवरा चिनीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून चिनीत करत होता, मधे धापा टाकत होता. गावची डॉक्टरीण प्रेडनिसोलोनचं नाव ऐकताच कडाडली. भाषांतराची गरजच नव्हती.

"ती म्हणतेय, हे मला आधी का नाही सांगितलं," नवरा म्हणाला. "तिच्या वॉर्डात अशा पेशंटला ते मूळ कमी करतात, आणि पोटॅशियम सारखं बघतात."

"आम्हीही बघितलं असतं," आमची डॉक्टरीण म्हणाली.

दोघी मिळून माझ्याकडे पाहतायत असं मला वाटलं. कदाचित त्या फक्त पडद्याकडे आणि खिडकीकडे पाहत असतील.

औषधतज्ज्ञाने एकेक पुडकं उघडून वास घेतला, नावं उतरवली, मोठ्या कुतूहलाने प्रश्न विचारले. शेवटी म्हणाला, यातल्या निम्म्यांबद्दल माझ्याकडे भरवशाची माहिती नाही, चांगलीही नाही आणि वाईटही नाही. स्टेरॉईड संपेपर्यंत सगळंच बंद ठेवा. गावच्या डॉक्टरणीचं म्हणणं, एक मूळ काढलं की पुरे. त्यावर थोडं हो-नाही झालं आणि मग डच बाजूचं ठरलं, कारण पेशंट त्यांच्या खाटेवर होता.

मा परतीच्या बसमध्ये माझ्यापासून एक सीट सोडून बसल्या. घरी गेल्यावर त्यांनी पुडकी सुटकेसमध्ये घालून पलंगाखाली ढकलली. पुढे कित्येक दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. फोनचं ॲप टेबलावर असायचं आणि आम्ही दोघी त्याला हात लावत नव्हतो. मला वाईट वाटत होतं आणि संतापही येत होता. त्यांच्या मुलाच्या हृदयाला धोका झाला होता, आणि राग माझ्यावर! मग एकदा नवऱ्याने सांगितलं, "राग तुझ्यावर नाही. तिला वाटतंय की तिनेच मला मारलं असतं."

मी त्यांच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते मला मराठीतही सुचत नव्हतं. मी फोन घेतला नाही. शेजारी बसले, आणि त्यांनी माझा हात धरून माझ्या हाताची नाडी बघितली, बराच वेळ, तीन बोटांनी. मग मान हलवली आणि काहीतरी म्हणाल्या. पलीकडच्या खोलीतून नवरा ओरडला, "ती म्हणतेय, तू झोपत नाहीस!"

त्यानंतर त्या पेअर शिजवायला लागल्या. पोखरलेल्या पेअरमध्ये खडीसाखर घालून वाफवायचं, खोकल्यासाठी. मी डॉक्टरणीला फोन करून विचारलं.

"पेअर? फळ?" ती म्हणाली. "पेअर चालेल." आणि फोनवर हसली. तिला हसताना मी तेव्हाच ऐकलं.

स्टेरॉईड संपलं. ऑक्सिजनचं यंत्र परत गेलं. उन्हाळा लागला तेव्हा नवरा वाल नदीच्या पुलावरून सायकल मारून आला आणि दारातच तासभर बसून राहिला, पण आला. त्यानंतर गावच्या डॉक्टरणीने वेगळा काढा सांगितला, ते मूळ न घालता. तो त्याने इथल्या डॉक्टरणीला कळवून, मधूनमधून रक्त तपासून घेतला. स्कॅनवर एका बाजूला व्रण राहिलाय. विमानं सुरू झाल्यावर मा गेल्या. विमानतळावर त्यांनी माझ्या गळ्यातला स्कार्फ घट्ट केला आणि त्यांच्या मुलाला सोडून फक्त मलाच बराच वेळ काहीतरी सांगितलं. त्याने भाषांतर करायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्याला गप्प केलं.

शेवटच्या तपासणीला मी डॉक्टरणीला विचारलं, की पहिला काढा घेतल्यावर त्याचा खोकला उतरला तो कशाने? काढ्याने, गोळ्यांनी की नुसते दिवस गेल्याने?

"ते आता नाही सांगता येणार," ती म्हणाली. "तीन गोष्टी एकदम चालू होत्या."

"पण तुमच्याकडे कोणी शोधत का नाही? त्यांच्याकडे वॉर्डात हजारो लोकांना देतात."

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर पडल्यावर मी नवऱ्याकडे बघत होते. तो सायकलचं कुलूप काढत होता, मजेत.

"तुला नाही जाणून घ्यायचं?" मी विचारलं.

"बरा झालो ना."

"हो, पण कशाने?"

"असेल कशाने तरी," तो म्हणाला आणि सायकलवर बसला. मी त्याच्यावर एवढी चिडले की सगळा रस्ता त्याच्या पुढेच सायकल मारत राहिले. चढावर मागे वळून पाहिलं, तर तो धापा टाकत येत होता. मी थांबले.